ओलिताच्या रात्रीसाठी खिशातली बॅटरी : एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या अलीकडच्या पट्ट्यात, सहा एकर वावर. निम्म्यात कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. बाकीच्यात सोयाबीन निघालं की हरभरा आणि घरापुरता गहू. विहिरीवर पाच एचपीची मोटर, स्प्रिंकलरचे पाइप स्वतःचे. घरापासून वावर पायी अर्ध्या तासावर. वाटेत पांदण आणि एक नाला. वावराचे मालक साठी ओलांडलेले. मी त्यांना काकाजी म्हणतो. मोटर जळली की ती माझ्या वाइंडिंगच्या दुकानात येते, त्यामुळे विजेच्या कुठल्याही वस्तूवर मी सांगेन ते खरं, असा त्यांचा समज आहे.

त्यांच्या मुलानं पुण्याहून एक चार्जिंगची बॅटरी, म्हणजे टॉर्च, पाठवली. मुठीत मावेल एवढी, काळी, ॲल्युमिनियमची, डब्यावर मोठ्या अक्षरांत २००० ल्युमेन. काकाजी ती डब्यासकट दुकानात घेऊन आले. म्हणाले, "बाबू, हे खेळणं रात्री वावरात चालते का ते सांग. नाही तं पोराले वापस धाडतो. पैशे त्याचेच हायेत, पण फुकट कायले घालवाचे?"

परत करायची मुदत संपायच्या आत उत्तर द्यायचं होतं. खाली लिहिलं आहे ते त्या उत्तराचं सविस्तर रूप. बॅटरीच्या कंपनीचं नाव मुद्दाम टाळलं आहे. याच साच्याच्या बॅटऱ्या आज अनेक नावांनी मिळतात आणि तपासायच्या गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू होतात.

कामं कोणती

ज्यांच्या फीडरला अजून दिवसाची लाइन मिळत नाही, त्यांना आठवड्याचे काही दिवस थ्री फेज रात्रीच येते. दिवसा लाइन देण्यासाठीची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. काकाजींच्या बाजूचं अजून व्हायचं आहे. म्हणजे हरभऱ्याचं ओलित मध्यरात्री. त्या एका फेरीत बॅटरीकडून चार वेगळी कामं लागतात आणि ती एकमेकांशी पटणारी नाहीत.

पहिलं काम पांदणीतून चालणं. इथे पायापुढची दोन-तीन पावलं स्वच्छ दिसली पाहिजेत. दुसरं, स्टार्टरची पेटी उघडून फ्यूज आणि फेज बघणं. हातभर अंतर, दोन्ही हात मोकळे. तिसरं, उभ्या पिकात स्प्रिंकलरचं कोणतं नोझल तुंबून बसलं आहे ते धुऱ्यावरून (बांधावरून) ओळखणं. चौथं जागल, म्हणजे रात्रीची राखण. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यातलं कोण आलं आहे, किती दूर आहे, आणि बोरच्या बाजूनं आणखी कोणी आलेलं नाही ना, हे बघणं.

घरात आधीच तीन साधनं होती. जुनी स्टीलची तीन मोठ्या सेलची बॅटरी, तिच्यात नंतर एलईडी बसवलेला. बाजारातली प्लास्टिकची, मागून पिन बाहेर काढून थेट सॉकेटमध्ये खोचायची. आणि डोक्याला पट्ट्यानं बांधायची. नवी घ्यायची असेल तर ती या तिघींपेक्षा वरचढ ठरली पाहिजे, नुसती जास्त उजेडाची असून भागत नाही.

प्लास्टिकचीचा निकाल मी लगेच लावला. ती चार्जिंगला असताना हात लावू नका असं मी कैक वर्षं सांगतो आहे. या स्वस्त बॅटऱ्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो; एक कपॅसिटर व्होल्टेज खाली आणतो आणि बस. आतली प्रत्येक तार सॉकेटच्या लाइनशी जोडलेली राहते. खोका तडकला किंवा ओला झाला की ती बॅटरी म्हणजे उघडी वायर. शिवाय आत चार व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी, जी महिनाभर रिकामी ठेवली की मरते. काकूंनी ती कोठ्यात (गोठ्यात) टांगली होती. मी ती दुकानात ठेवून घेतली, त्यावर काकू थोड्या नाराज झाल्या.

डब्यावरचे आकडे

डब्यावर तीन आकडे होते : २००० ल्युमेन, २२० मीटर, आणि सर्वात मोठ्या उजेडावर २ तास १० मिनिटं. खाली बारीक अक्षरांत एएनएसआय एफएल-१, म्हणजे अशा बॅटऱ्यांच्या मोजणीचं अमेरिकी मानक. हे चिन्ह असलेली बॅटरी निदान एका ठरलेल्या पद्धतीनं मोजलेली असते, असं धरता येतं; चिन्ह नसेल तर डब्यावर एक लाख ल्युमेनही छापतात, आणि आठवडी बाजारात ते छापलेले मी पाहिले आहेत.

पण ही पद्धत काय मोजते ते कळलं पाहिजे. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा सगळा उजेड मिळून. तो सुरू केल्यानंतर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत मोजतात. तिसऱ्या मिनिटाला काय होतं याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. अंतराचा आकडा कँडेलावरून येतो. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागाची धार. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर मिळतात. या बॅटरीची धार १२,१०० कँडेला. वर्गमूळ ११०, दुप्पट २२०. हिशेब बरोबर आहे. मात्र त्या २२० मीटरवर जो उजेड पडतो तो पाव लक्सचा, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात पलीकडे काहीतरी उभं आहे एवढं कळतं. ते रोही आहे की शेजाऱ्याचं वासरू, हे कळत नाही. ओळख पटवायला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचं अंतर धरावं. इथे पंचावन्न ते सत्तर मीटर. आणि लांबी दुप्पट हवी असेल तर धार चौपट लागते, म्हणून जास्त ल्युमेन म्हणजे जास्त लांब असं गृहीत धरून पैसे वाढवत जाणारा माणूस फसतो. पसरट झोताच्या तीन हजार ल्युमेनपेक्षा आवळलेल्या झोताचे सहाशे ल्युमेन लांब जातात.

सगळ्यात फसवा आकडा वेळेचा. या पद्धतीत वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. दोन हजाराचे दोनशे झाले तरी घड्याळ चालूच. हे आतल्या सेलवरूनही तपासता येतं. आत २१७०० मापाचा एक सेल, ५००० एमएएच. ३.६ व्होल्टनं गुणलं की १८ वॅट-तास. चांगला एलईडी जोरात चालवला तर एका वॅटला शंभरच्या आसपास ल्युमेन देतो. म्हणजे दोन हजाराला वीस वॅट. अठराला विसानं भागा. तासाच्याही आत सेल संपायला हवा. मग डब्यावरचे दोन तास दहा मिनिटं कुठून आले? उजेड आपोआप खाली उतरतो म्हणून.

हे बघण्यासाठी मागचं झाकण काढून मीटर दहा अँपियरच्या रेंजवर लावला. मीटरच्या वायरीतही थोडा करंट अडतो, म्हणून आकडा काटेकोर नाही. तरी सुरुवात पाच अँपियरच्या पुढे झाली. दुकानातला पंखा बंद ठेवला होता. बॅटरी हाताला पोळायला लागली आणि काही मिनिटांत करंट टप्प्याटप्प्यानं निम्म्याच्याही खाली येऊन थांबला. पंखा लावल्यावर परत थोडा वर चढला. याला बिघाड म्हणू नये. आतल्या सर्किटला तापमान कळतं आणि ते एलईडीला आणि सेलला वाचवतं. मुठीएवढ्या ॲल्युमिनियमला वीस वॅटची उष्णता बाहेर टाकणं जमणारच नाही, कोणत्याही कंपनीला. पूसच्या (पौषाच्या) रात्री वाऱ्यात ती जास्त वेळ वर टिकेल, मे महिन्यात विदर्भात रात्रीही भिंती तापलेल्या असताना लवकर उतरेल. या बॅटरीचा टिकाऊ उजेड सातशे ल्युमेनच्या घरात आहे असं मी धरलं. सात वॅट, म्हणजे अडीच तास. तीनशेवर ठेवली तर सहा तास.

काकाजींना मी हे असं सांगितलं : ही सातशेची बॅटरी आहे, तिला मिनिट-दोन मिनिटं दोन हजाराची उडी मारता येते. ते म्हणाले, "मंग डब्यावर सातशे लिहाले काय झालं होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वावरातली तपासणी

दुकानातल्या मीटरवर बॅटरी पास झाली तरी वावर वेगळं. रात्री गेलो आणि आधी सापाची परीक्षा घेतली. तुरीचा पालापाचोळा पडलेल्या पट्ट्यात दिवसा काथ्याच्या दोरीचे तुकडे टाकून ठेवले, घोणशीच्या जागी. सायकलच्या जुन्या ट्यूबला पांढऱ्या दोऱ्याचे वेढे देऊन ते तुकडे सरीत ठेवले, मण्यारीच्या जागी. कुठे ठेवले ते काकाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीच्या चालीनं चालायचं आणि दिसला तुकडा की थांबायचं.

डोक्याची बॅटरी लावून ते काथ्याच्या दोन तुकड्यांवरून सरळ पुढे गेले. डोळे चांगले आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. अडचण उजेडाच्या जागेची होती. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या ओळीतूनच उजेड टाकतो, त्यामुळे वस्तूची सावली वस्तूच्याच मागे लपते आणि सगळी जमीन सपाट दिसते. त्याऐवजी नवी बॅटरी हातात घेऊन कमरेच्या खाली धरली की प्रत्येक ढेकळाला आणि दोरीला लांब सावली पडते. मग दोरी तिच्या सावलीनं सापडते, रंगानं सापडायच्या आधी. असे त्यांनी सगळे तुकडे पकडले, फक्त एक ट्यूब राहिली. मधल्या टप्प्याचा, अंदाजे तीनशे ल्युमेनचा उजेड होता.

पूर्ण उजेडावर उलट झालं. वाळलेला पाला पांढराफटक दिसायला लागला, डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या आणि झोताच्या कडेबाहेर ठार काळोख. अंधाराला सरावलेले डोळे एकदा असे दिपले की पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मधे लाइन गेली, बॅटरी पडली, तर तेवढा वेळ माणूस आंधळा.

रंगाबद्दल मात्र नव्या बॅटरीला गुण कमी. एलईडी निळसर पांढरा आहे, साडेसहा हजार केल्विनच्या आसपास. तपकिरी आणि लाल रंग त्यात मेल्यासारखे दिसतात. पाल्यातली घोणस तपकिरीच असते. हाच नमुना पिवळसर पांढऱ्या उजेडात, जास्त रंगनिष्ठेच्या एलईडीसह मिळतो. ल्युमेन थोडे कमी होतात. ल्युमेन इथे उरलेलेच आहेत, तेव्हा तोच घ्यायला हवा होता. मुलाला कोण सांगणार, त्यानं सर्वात मोठा आकडा बघून घेतला.

सापाच्या बाबतीत एक गोष्ट बॅटरीशी संबंध नसूनही सांगितली, कारण या किमतीचा थोडासा भाग त्यात जातो : गुडघ्यापर्यंतचे गमबूट. आणि चावलाच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक वगैरे भानगडीत न पडता पाय हलू न देता दवाखान्यात, जिथे प्रतिसर्पविषाची लस असेल तिथे.

मग जागल. इथे एक गंमत आहे. रोही, हरीण, बिबट, वाघ, रस्त्यावरचं कुत्रं, या सगळ्यांच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा पडदा असतो. झोत पडला की डोळे चमकतात. पण तो उजेड आला तिकडेच परत जातो, म्हणून बॅटरी डोळ्यांच्या जवळ असेल तरच चमक नीट दिसते. कमरेला धरलेल्या बॅटरीनं चमक हुकते. कानाजवळ धरली की साध्या उजेडातही दिसते. डोक्याची बॅटरी इथे बाजी मारते. रानडुकराच्या डोळ्यांत तो पडदाच नाही. ते चमकत नाहीत, कितीही ल्युमेन टाका. डुक्कर ओळखायचं तर त्याचं अंगच दिसलं पाहिजे, काळपट अंग, काळ्या मातीवर, आणि तेही बहुधा खाली मान घालून हरभरा उकरताना. माझ्या मते या वावरात जास्त उजेडाचं एकमेव खरं समर्थन डुक्कर आहे. धुऱ्यावरून मिनिटभर पूर्ण उजेड टाकला तेव्हा साठ-सत्तर मीटरवरचा कळप अंगासकट दिसला. जुन्या तीन सेलवालीत तिथे नुसता काळोख होता. एवढं बघून झालं की बटण परत मधल्या टप्प्यावर.

(सरीत कधी कधी शेकडो हिरव्या-निळ्या टिकल्या चमकतात. ते दव नसतं. जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे असतात. पहिल्यांदा पाहिलं की अंगावर काटा येतो.)

स्प्रिंकलर चालू असताना बॅटरीचा जोर अंगावर उलटतो. पाण्याचे थेंब उजेड परत डोळ्यांकडे फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. हिवाळ्यातल्या पहाटेच्या धुक्यातही तेच. उपाय दोन : उजेड कमी करायचा आणि बॅटरी हात लांब करून डोळ्यांपासून दूर, खाली धरायची. असा बाजूनं झोत टाकला की बसलेल्या नोझलचं कोरडं वर्तुळ लगेच वेगळं दिसतं. डोक्याची बॅटरी इथे पार निकामी.

बाजूच्या झोताचा आणखी एक उपयोग, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागात डुकरांसाठी काही जण कुंपणाच्या बायंडिंग तारेत थेट लाइन सोडतात. झटका मशीन वेगळी, ती क्षणभराचा झटका देते. इथे मोटरच्या लाइनवरून चोरून जोडलेला करंट असतो. तो गुन्हा आहे आणि विदर्भात त्यानं माणसंही गेली आहेत आणि वाघही. धुऱ्याच्या गवतात गुडघ्याच्या उंचीची गंजकी तार समोरून टाकलेल्या उजेडात दिसत नाही. बॅटरी खाली आणि एका बाजूला धरून झोत आडवा फिरवला तर तारेवर रेघ चमकते. काकाजींना ही सवय लावायला मी जास्त वेळ घेतला, बॅटरी समजावायला घेतला त्यापेक्षा.

वाघासाठी या बॅटरीत लुकलुकणारा मोड आहे. त्यानं जनावर पळतं असं दुकानदार सांगतात. मी त्यावर भरवसा ठेवायला सांगणार नाही. दोघांनी मिळून जाणं, बोलत-खोकत जाणं, आणि डोळे चमकले तर तोंड तिकडेच ठेवून हळूहळू मागे सरणं. बॅटरीचं काम तेवढा वेळ उजेड स्थिर धरण्याचं.

स्टार्टरची पेटी

बॅटरीच्या बुडाला चुंबक आहे. पेटीच्या पत्र्याला चिकटवली की दोन्ही हात मोकळे आणि उजेड बरोबर आत. हे काम ती तिघींपेक्षा चांगलं करते. पण काकाजींची जुनी खोड बॅटरी दातांत धरायची. प्लास्टिकची असेल तर ठीक. ही संपूर्ण ॲल्युमिनियमची. फेजला टेकलेली बॅटरी आणि ती दातांत धरलेला माणूस, याहून वाईट जोडणी मला सुचत नाही. तेव्हा पेटीपाशी एक तर चुंबक, नाही तर कपाळावरची.

पेटीत बघायला दहा-वीस ल्युमेन पुरतात. या बॅटरीत बटण दाबून धरलं तर सर्वात कमी उजेडावर सुरू होते. नुसतं दाबलं तर मागच्या वेळी ज्या टप्प्यावर बंद केली तिथूनच. डुकरं हाकलून पूर्ण उजेडावर बंद केली असेल, तर पुढच्या वेळी पेटीच्या पत्र्यावरून सगळा उजेड डोळ्यांत.

कापूस आणि खिसा

रोज खिशात वागवायची तर वजन सेलसकट दीडशे ग्रॅमच्या पुढे. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली तर वाकल्यावर विहिरीत. पायजम्याच्या खिशात झोके खाते. शेवटी दुपट्ट्याला क्लिप लावून मनगटात दोरी, ही तऱ्हा जमली. चुंबकाच्या बाजूला एटीएम कार्ड नको.

खिशात बटण आपोआप दाबलं जाणं ही मोठी भानगड. घरी काळा मोजा काचेवर टेकवून पूर्ण उजेड लावला. क्षणात जळका वास. आमच्याकडे दिवाळीनंतर घरातल्या एका खोलीत कापूस छतापर्यंत भरलेला असतो आणि लाइन गेली की माणूस बॅटरी चालूच ठेवून त्यावर पालथी टाकतो. पांढरा कापूस बराच उजेड परतवतो, पण त्यात काडीकचरा, वाळलेली पानं असतातच. नियम असा केला : कापसाच्या खोलीत सर्वात कमी टप्पा, आणि खिशात टाकताना मागचं झाकण पाव आटा सैल. झाकण सैल झालं की सर्किट तुटतं आणि बटण दाबलं तरी काही होत नाही. बटणाचं इलेक्ट्रॉनिक लॉकही आहे, पण झाकणाचं लॉक अंधारात हाताला कळतं.

चार्जिंग आणि सेल

टाइप-सीचं भोक रबरी झाकणाखाली आहे. मोबाइलच्या चार्जरवर अडीच-तीन तासांत भरते. एक विचित्र गोष्ट निघाली. मुलाच्या नव्या फोनची, दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल लावली तर चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी यूएसबीची केबल लावली की होते. भोकाच्या आत दोन छोटे रेझिस्टर लागतात, ज्यांवरून नवा चार्जर ओळखतो की समोर कोणी करंट मागतं आहे. ते वाचवलेले. दोष छोटा, पण घरात फक्त नवा चार्जर असेल तर बॅटरी मेलेली वाटेल.

पाण्याबद्दल डब्यावर आयपीएक्स-८ आहे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी ठरवते. स्प्रिंकलरला हे भरपूर झालं. मात्र ओल्या भोकात केबल खोचली तर आतले पितळी पाय हिरवे पडतात, तेव्हा आल्यावर आधी पुसायची, मग लावायची.

सेल बाहेर निघतो आणि मापाचा आहे, ही या बॅटरीची सगळ्यात मोठी जमेची बाजू. रोज भरला-रिकामा केला तर असा सेल तीनशे-पाचशे फेऱ्यांनी उतरू लागतो. ज्यांच्यात तो आत झाळलेला असतो त्या बॅटऱ्या तिथेच संपतात. इथे नवा टाकता येतो. एक जादा सेल घ्यायचं ठरलं. तो घेताना बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० मापाचे सेल दाखवतात. त्या मापात साडेतीन हजारांच्या आसपास मर्यादा येते; त्याच्या अडीच-तीन पट छापणारा सेल खोटा. किराण्याच्या काट्यावर टाकून बघावा : खरा १८६५० पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो, २१७०० सत्तरच्या आसपास. हलका भरला तर आत पोकळ. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे का ते बघावं. लिथियम सेलना आयएस १६०४६ खाली नोंदणी सक्तीची आहे.

सुटा सेल खिशात चिल्लर किंवा किल्ल्यांसोबत कधीही टाकू नये. आणि मे महिन्यात टिनाच्या खोपडीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत बॅटरी ठेवायची नाही, तिथून काढून लगेच चार्जिंगलाही लावायची नाही. बहुतेक सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि आमच्याकडे तेवढं तर सावलीतच असतं. पावसाळ्यात वापर कमी होतो तेव्हा अर्धी भरून ठेवायची.

निर्णय

परत करायची नाही, बदलून घ्यायची : हाच नमुना, पिवळसर पांढऱ्या एलईडीचा. मुलाला फोन केला, त्यानं फरकाचे पैसे न लागता बदलून मागवली. डोक्याची बॅटरी काढून टाकायची नाही. ती पेटीपाशी आणि रोही शोधायला. पांदणीत, धुऱ्यावर आणि स्प्रिंकलरला नवीच, कमरेखाली, मधल्या टप्प्यावर. पूर्ण उजेड फक्त डुकरासाठी आणि विहिरीत वाकून पाण्याची पातळी बघायला. जुनी तीन सेलवाली कोठ्यात, कारण तिचे सेल गावातल्या दुकानात मिळतात आणि चार्जिंग विसरण्याचा प्रश्न येत नाही.

दोन हजार ल्युमेनपोटी जे जास्तीचे पैसे गेले ते, माझ्या हिशेबानं, वाया गेले नाहीत पण पूर्ण वसूलही होत नाहीत. डुक्कर नसलेल्या गावात मी निम्म्या किमतीची, एक हजाराच्या आतली, बाहेर निघणाऱ्या सेलची बॅटरी घ्यायला सांगितली असती.

काकूंनी मात्र ती वापरायला साफ नकार दिला. एकाच बटणात एकदा दाबा, दोनदा दाबा, धरून ठेवा, आणि वर झाकण सैल. पहाटे दूध काढायला जाताना हे कोण लक्षात ठेवणार? "याच्यापेक्षा ते जुनी बरी होती, दाबलं का लागे," असं त्या मला ऐकवून गेल्या, आणि रोख माझ्या दुकानात पडलेल्या प्लास्टिकच्या बॅटरीवर होता. त्यांच्यासाठी दोनच टप्प्यांची, सरकत्या खटक्याची, यूएसबीवर चार्ज होणारी साधी बॅटरी मी तालुक्याहून आणून दिली. पिनवाली अजून माझ्याकडेच आहे आणि मी ती देणार नाही.